कामगारांसाठी बांधलेल्या जुन्या रांगेतील घर: स्लॅब टाकावा की कौले राखावीत?

सात नंबर (बेळगाव)

नमस्कार. आम्ही बेळगाव शहरातील एका जुन्या भागात राहतो. कधीच बंद पडलेल्या एका कारखान्याने आपल्या कामगारांसाठी बांधलेली ही बारा घरांची रांग आहे आणि पुढे ती घरे तेथे राहणाऱ्या कुटुंबांच्याच नावावर झाली. माझे आजेसासरे त्या कारखान्यात फिटर होते. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे परडे, जांभ्याच्या भिंती, चुन्याचे दर्जे (दगडांमधले सांधे) आणि वर मंगळुरी कौले असे आमचे घर आहे. दाराच्या चौकटीवर ७ हा आकडा कोरलेला असून तेलाच्या बोटांनी तो इतका काळा पडला आहे की आता तो दिसण्यापेक्षा हाताला जास्त लागतो. सासूबाई आजही पत्ता सांगताना गल्लीचे नाव न घेता "सात नंबर" एवढेच सांगतात.

अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी आठ नंबरच्या कुटुंबाने कौले उतरवून स्लॅब टाकला आणि वर एक मजला चढवला. त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीवर वरून ओघळ येऊ लागले, आणि त्याच भिंतीला खालून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा (ओलीबरोबर भिंतीवर येणारे पांढरे क्षार) लागला. आम्ही सहा वर्षांपूर्वी आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, तो आता पापुद्र्यांनी सुटतो. दीरांचे म्हणणे आहे की आपणही स्लॅब टाकावा म्हणजे कटकट मिटेल. सासूबाई कौलांना हात लावू देण्यास तयार नाहीत. घर जुने आहे एवढ्यासाठी मुलांना ओलीत निजवणे मला पटत नाही, पण उन्हाळ्यात दुपारी याच घरात पंख्याशिवाय झोप लागते हेही मी रोज अनुभवते. अशा घरांत राहिलेल्यांनी किंवा अशा घरांचे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा (खानापूर)

ताई, मी चाळीस वर्षे घरदुरुस्तीच्या कामावर देखरेख करीत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण ज्याला एक ओल समजत आहात त्या दोन वेगळ्या ओली आहेत, आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. वरून येणारे ओघळ हे आठ नंबरच्या नव्या मजल्यामुळे आहेत. पूर्वी तुमचे आणि त्यांचे छप्पर एकसंध होते, पाणी आढ्यावरून उतरून सरळ वळचणीला पडत होते. आता तुमच्या कौलांच्या कडेला एक उंच भिंत उभी राहिली आहे. आषाढातली झड त्या भिंतीवर आपटते, पाणी भिंतीवरून खाली ओघळते आणि कौले व भिंत यांच्या फटीतून थेट सामाईक भिंतीच्या माथ्यात मुरते. अनेक जण त्या फटीत सिमेंट भरतात. ते पहिल्या उन्हाळ्यात तडकते, कारण लाकडाचे छप्पर हलते आणि भिंत हलत नाही. त्याऐवजी नव्या भिंतीत कौलांच्या वर वीतभर अंतरावर आडवी खाच पाडून त्यात जस्ती पत्र्याची कड बसवावी, पत्रा खाली कौलांवर दुमडून घ्यावा आणि खाच चुन्याने भरावी. हे दोन दिवसांचे काम आहे, मात्र खाच शेजाऱ्यांच्या भिंतीत पाडायची असल्याने त्यांची संमती आधी घ्या.

खालची ओल जमिनीतून चढणारी आहे. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफेने निघून जात होते आणि भिंत श्वास घेत होती. सिमेंटच्या गिलाव्याने तो मार्ग बंद झाला, म्हणून पाणी अधिक वर चढले आणि त्यातले क्षार गिलाव्यामागे साचून त्याला ढकलू लागले. सुटलेला गिलावा पूर्ण काढून टाका, भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवून वाळू द्या, क्षार कोरड्या कुंचल्याने झाडा (पाण्याने धुऊ नका, ते परत आत शिरतात) आणि मग चुन्याचाच गिलावा करा. चुना किमान तीन-चार आठवडे पाण्यात भिजवून मुरलेला असावा, एका भागाला दोन ते तीन भाग वाळू आणि थोडी सुरखी (भाजलेल्या विटांची पूड). हे काम दिवाळीनंतर काढावे, कारण चुन्याला सावकाश वाळावे लागते आणि वैशाखाच्या उन्हात तो भाजून निघतो. एक गोष्ट अवश्य तपासा: परड्यात किंवा पुढच्या बाजूला कोणी फरशी घालून जमीन घरातल्या जमिनीपेक्षा उंच केली आहे का? माझ्या पाहण्यातल्या निम्म्या घरांत मूळ दोष तिथेच निघाला.

आता स्लॅबविषयी. लाकडासह कौलारू छपराचे वजन दर चौरस मीटरला साठ-सत्तर किलोच्या आसपास असते, बारा सेंटीमीटर जाडीच्या स्लॅबचे सुमारे तीनशे किलो. तुमच्या भिंती पहिल्या वजनासाठी उभारल्या आहेत. स्लॅब टाकायचाच असेल तर स्वतंत्र खांब आणि पाया घेऊन टाकावा लागेल, आणि तो पाया खणताना सहा नंबरच्या भिंतीचा आधार सुटेल. आज आठ नंबरमुळे तुम्हाला जो त्रास आहे, तोच उद्या तुमच्यामुळे सहा नंबरला होईल.

घटप्रभेकाठचा (गोकाक)

वरील उत्तराला एक जोड देतो, कारण या घरांची रचना अशी का झाली हे कळले तर निर्णय सोपा होतो. आमच्याकडे गोकाकच्या धबधब्यावर १८८५ साली कंपनी स्थापन होऊन पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभी राहिली. सुमारे १७० फुटांवरून कोसळणारे पाणी होते तिथे गिरणी जाणे भाग होते, पण तिथे माणसे नव्हती, म्हणून माणसांसाठी वसाहत करावी लागली. तुमच्या बेळगावातच १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना शहरातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानातील कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० मध्ये त्यांनी कारखान्याबरोबर वस्तीही वसवली, तीच किर्लोस्करवाडी.

याच्या उलट बेळगावातल्याच शहापूर-वडगाव भागातील विणकरांचे घर पाहा. तिथे माग घरातच, म्हणून पुढची खोली मोठी. कारखान्याच्या कामगाराचे काम घराबाहेर होते, त्यामुळे मालकाने त्याला निजण्यापुरते आणि चुलीपुरते घर दिले, आणि तेही शक्य तितक्या कमी खर्चात. बारा सुटी घरे बांधली तर बाजूच्या चोवीस भिंती लागतात, एका रांगेत बांधली तर तेरा. त्या वाचवलेल्या अकरा भिंती आज तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहेत. या रांगेत बारा घरे नाहीत, बारा बिऱ्हाडांचे एकच घर आहे, आणि एका छपराखालच्या घराची दुरुस्ती बारा जणांनी आपापल्या मर्जीने केली तर ती कुणालाच पुरी पडत नाही.

लोअर परळहून परत (चंदगड रोड)

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. माझे वडील मुंबईला गिरणीत होते आणि आम्ही ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीत वाढलो. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास सामाईक. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर आम्ही गावाकडे आलो. त्या व्हरांड्यातली माणसे मी जन्मात विसरणार नाही. पण आजारी आजीला रात्री दोन वाजता हाताला धरून संडासाच्या रांगेपर्यंत नेणारी माझी आईही मी विसरलेलो नाही. आता तिथे पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, आणि ती घेणाऱ्यांना कोणी वारशाच्या नावाने दोष दिला तर मला ते सहन होत नाही.

म्हणून ताई, कौले राखा, पण परड्याच्या बाजूला न्हाणीघर आणि संडास चांगल्या प्रतीचे करून घ्या, त्यात काटकसर करू नका. तुमचे दीर स्लॅब मागत आहेत की वाढत्या कुटुंबासाठी एक स्वतंत्र खोली मागत आहेत, हेही त्यांना शांतपणे विचारा.

जुना उतारा (निपाणी)

कामाला हात घालण्यापूर्वी कागद पाहून घ्या. महापालिकेचा खाता हा कर आकारणीचा दाखला आहे, तो मालकी हक्काचा पुरावा ठरत नाही. त्यामुळे सिटी सर्व्हेचा उतारा आणि मूळ खरेदीखत दोन्ही काढा. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात असल्याने जुने कागद बहुधा मराठीत सापडतील, काही मोडीतही, आणि नंतरचे कन्नडमध्ये. दोन्हींतली मापे जुळतात का ते पाहा. सामाईक भिंत कोणाच्या मापात धरली आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. भिंतीचा आधार, उजेड आणि पाण्याचा निचरा यांविषयीचे हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात येतात. मात्र वकिलाकडे जाण्याआधी आठ नंबरच्या घरी चहाला जा, आणि जे ठरेल ते कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

सात नंबर (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. ओळंबा काका, तुमचे उत्तर वाचून मी परड्यात जाऊन पाहिले. आम्ही कपडे धुण्यासाठी घातलेली फरशी घरातल्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच आहे आणि तिचा उतार भिंतीकडेच आहे. ती चूक आमचीच होती, खालच्या ओलीसाठी शेजाऱ्यांना आम्ही उगीच बोल लावत होतो. फरशी या आठवड्यात उखडणार आहोत.

दीरांना विचारले. त्यांना स्लॅब नको होता, मुलीला दहावीच्या अभ्यासासाठी दार लावता येईल अशी जागा हवी होती. पडवीचे एक टोक लाकडी जाळीने आणि दाराने बंद करून ती होईल, छपराला हात न लावता. फक्त रांगेतून येण्याजाण्याची पुढची वाट मोकळी ठेवायची असे ठरले आहे.

काल संध्याकाळी सासूबाई आणि मी आठ नंबरकडे गेलो. पत्र्याच्या खाचेला ते तयार झाले. उलट त्यांच्याही खालच्या खोलीत त्याच भिंतीला लोणा आल्याचे त्यांनी आम्हाला नेऊन दाखवले. भिंतीच्या दोन्ही बाजूंचा गिलावा एकाच वेळी काढायचा आणि चुना एकाच खड्ड्यात भिजवायचा असे बोलणे झाले आहे. खड्डा आमच्या परड्यात, उखडलेल्या फरशीच्या जागी करणार आहोत. चुन्याचे काम जाणणारा गवंडी खानापूरकडे कोणी असेल तर काका, कृपया कळवावे. दिवाळीनंतर लगेच काम काढण्याचा विचार आहे.