ओंगवेनची शिक्षा आणि मास्तरांचे आजोबा

म्हार्दोळकरीण
"शाळेच्या वाटेवरून ज्या पोराला पळवले त्यालाच हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २५ वर्षे आत टाकले, मग गुन्हेगार कोण?" असे काल इथे कोणीतरी लिहिले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. युगांडातल्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीने डॉमिनिक ओंगवेनला साधारण नऊ वर्षांचा असताना पळवले, हे न्यायालयानेही मान्य केले आहे. पण त्याच्यावरचे आरोप २००२ ते २००५ या काळातले आहेत. तेव्हा तो पंचविशीच्या आसपासचा होता, आधी बटालियनचा, मग एका ब्रिगेडचा प्रमुख होता आणि दुसऱ्यांची मुले पळवून आणायला माणसे पाठवत होता. २०२१ मध्ये ६१ आरोपांवर दोषी ठरूनही त्याला जन्मठेप झाली नाही, याचे मुख्य कारण ते हिरावलेले बालपणच होते. गुन्हा घडताना जो अठराच्या आत होता त्याच्यावर खटला चालवण्याचा अधिकारच रोम संविधीच्या (त्या न्यायालयाच्या स्थापनेच्या कराराच्या) २६व्या कलमाने त्या न्यायालयाला दिलेला नाही. तेव्हा "पोराला शिक्षा झाली" हे म्हणणेच खोटे आहे.

पेडण्याचा मास्तर
तो "कोणीतरी" मीच, ताई. तीस वर्षे वर्गात काढल्यावर एवढे नक्की सांगू शकतो की नऊ वर्षांच्या पोराला जो कित्ता द्याल तोच ते जन्मभर गिरवते. कित्ता देणाऱ्या जोसेफ कोनीचे, म्हणजे त्या टोळीच्या म्होरक्याचे, वॉरंट २००५ साली निघाले आणि तो अजून मोकळा आहे. शिवाय हा न्याय लावायचा तर आमच्या घरापासूनच लावा. माझे आजोबा तेराव्या वर्षी गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाची पत्रके अबोलीच्या वळेसरांच्या परडीत लपवून, पोर्तुगीज पोलिसांच्या चौकीवरून देवळात पोचवत असत. त्यांच्या हाती परडी देणाऱ्यालाही युद्धगुन्हेगार ठरवणार का?

फोंड्याची वकील
मास्तर, उपरोधाने विचारलात तरी प्रश्न बरोबर विचारलात. काँगोतल्या एका सशस्त्र गटाचा नेता थॉमस लुबांगा हा त्या न्यायालयाने दोषी ठरवलेला पहिला माणूस. पंधरा वर्षांखालच्या मुलांना भरती केल्याबद्दल आणि लढाईत वापरल्याबद्दल त्याला २०१२ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. त्या निकालात "सक्रिय सहभाग" म्हणजे केवळ बंदूक चालवणे असे मानलेले नाही; मुलाला दिलेल्या कामामुळे तो शत्रूचे संभाव्य लक्ष्य बनतो का, हे पाहिले गेले. त्या कसोटीवर परडी निर्दोष सुटेलच असे मी म्हणणार नाही. अर्थात हा कायदा १ जुलै २००२ पूर्वीच्या घटनांना लागत नाही, आणि त्या काळच्या गोव्याला सशस्त्र संघर्ष म्हणायचे का, हाही वेगळा वाद आहे. माझी खरी तक्रार आपल्या देशाबद्दल आहे. भारत रोम संविधीत नाही. मुलांच्या सशस्त्र संघर्षातील सहभागाविषयीचा पर्यायी प्रोटोकॉल आपण २००५ मध्ये स्वीकारला, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ८३व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमात अतिरेकी गटांनी मुले वापरल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड ठेवला. पण ते पोटकलम बिगरसरकारी गटांपुरतेच आहे. सरकारी गणवेशातल्या माणसाने तेच केले तर काय, याबद्दल ते पोटकलम गप्प आहे.

पेडण्याचा मास्तर
म्हणजे मुक्तिलढा कोनीच्या टोळीच्या पंगतीला बसवलात. धन्य आहे! माझ्या आजोबांना कोणी पळवले नव्हते. ते स्वखुशीने गेले होते.

फोंड्याची वकील
पंधराच्या आतल्या मुलाची खुशी हा तिथे बचाव होत नाही. लुबांगाकडेही काही मुले आपल्या पायांनी गेली होती. लढा न्याय्य होता की नाही, हा प्रश्न या गुन्ह्यात विचारलाच जात नाही. आवाज चढवल्याने कायदा बदलत नाही, मास्तर.

जुना तारवटी
तुम्ही दोघे भांडा, मी पाहिलेले सांगतो. सिएरा लिओनमध्ये लढाई चालू असताना आमची बोट फ्रीटाऊनला लागली होती. धक्क्यावर रायफल घेतलेला एक मुलगा उभा होता, फार तर अकरा वर्षांचा. मी दिलेली बिस्किटे त्याने मोजली, दोन खाल्ली आणि बाकीची खिशात ठेवली. रायफलचा पट्टा त्याला लांब होत होता, म्हणून मध्ये गाठ मारून आखूड केला होता. ती गाठ इतकी घट्ट होती की ती काही त्या पोराच्या बोटांनी बसलेली नव्हती. कोणीतरी मोठ्या माणसाने त्याच्या खांद्याचे माप घेऊन मारलेली होती. पुढे तिथल्या विशेष न्यायालयाला पंधरा वर्षांवरच्या मुलांवर खटले भरण्याची मुभा होती, तरी सरकारी वकिलाने एकाही मुलावर भरला नाही. तिथल्या बंडखोरांना मदत करणाऱ्या चार्ल्स टेलरला, शेजारच्या लायबेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्षाला, मात्र ५० वर्षे झाली. ओंगवेन मोठा झाल्यावर त्यानेही दुसऱ्यांच्या पोरांसाठी अशा गाठी मारल्या, एवढेच मला कळते.

म्हार्दोळकरीण
काका, माझे लांबलचक लिहिणे फुकट गेले म्हणायचे.

पेडण्याचा मास्तर
काकांनी मला बोलायला लावले आहे, म्हणून सांगतो. वकीलबाईंनी ते आपल्या खात्यावर जमा करू नये. परडी देणाऱ्या गृहस्थांचा मुलगा आजोबांच्याच वयाचा होता. त्याला त्यांनी त्या दिवसांत बेळगावला शिकायला ठेवले होते. आजोबांनी हे एकदाच, तेही अगदी शेवटच्या आजारपणात सांगितले. ओंगवेनबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.