रानपिंगळ्याला राज्यपक्षी करा म्हणे!

तापीकाठ: काल एका पुणेकरांनी लिहिलं, "राज्यपक्षी म्हणून हरियाल पुरे, आता रानपिंगळ्याला, या छोट्या घुबडाला, राज्यपक्षी करा. खान्देशात घुबड म्हणजे अपशकुन, दारातलं रत्न त्यांना कळत नाही." वाचून डोकं फिरलं. १८८४ नंतर ११३ वर्षं या पक्ष्याची नोंद नव्हती, १९९७ ला अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला, हे मान्य. पण भर दिवसा उघड्या फांदीवर शेपटी हलवत बसणारा पक्षी! तो दिसतो का, हे पाड्यावर कुणी विचारलं होतं का? सातपुड्यात वाघदेव पुजतात, त्याला मंत्रालयातून जीआर लागला नाही.

मूळचा चोपड्याचा: पुणेकर मीच. वाघदेवाला कोंबडं द्यायचं आणि सागाचं रान साफ करून वावर काढायचं, ही कुठली पूजा? दर्जा मिळाला की पैसा येतो. वाघ राष्ट्रीय प्राणी झाला त्याच सुमारास, १९७३ ला, व्याघ्रप्रकल्प आला.

तापीकाठ: मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. औषध लावलेलं बियाणं खाऊन मरतोच ना? आणि रान कुणी साफ केलं ते आधी ठेकेदारांना विचारा.

केळीवाला: राज्यपक्षी कोणताही करा, रोह्यांचं, म्हणजे नीलगायींचं, काय ते बोला! रात्री कळप हरभऱ्यात शिरला, सकाळी नुसते खुंट. बांधाला घरातल्या जुन्या साड्या बांधल्या, कुंपणाला विजेचं झटका मशीन लावलं, डुकरं तरी खालून घुसतात.

मूळचा चोपड्याचा: विषय पक्ष्याचा आहे, दादा.

केळीवाला: तुमले काय जास बोलाले! मारायची परवानगी कागदावर आहे, ती हातात येईस्तोवर हंगाम संपतो. पंचनाम्याला साहेब आले, चहा घेतला, "नुकसान किरकोळ" लिहून गेले.

सातपुड्याची लेक: मुक्ताईनगरकडे केळीच्या बागेत वाघ फिरतो. माझ्या मामांचे मजूर महिनाभर पाण्याच्या पाळीला एकटे जात नव्हते. तरी मामा म्हणाले, वाघ आला की डुकरं कमी होतात, राहू दे त्याला.

केळीवाला: मामांना सांगा, रात्रपाळी स्वतः करा.

सातपुड्याची लेक: करतात! बॅटरी घेऊन, बासष्टाव्या वर्षी. न ओळखता बोलू नका.

केळीवाला: बरं ताई, मामांना रामराम. माझ्या शिवारात वाघ नाही, नुसती डुकरं आहेत. पाठवता का एखादा?

मूळचा चोपड्याचा: म्हणजे वाघ हवा, घुबड नको.

तापीकाठ: घुबडही उंदीर खातं, केळीवाले. पुणेकर, तुमचं एक ऐकतो: राज्यपक्षी कराच. पण सोहळा पुण्यात नाही, शहाद्याला घ्या. मे महिन्यात.

केळीवाला: मंडपाला साड्या मी देतो.