घोडी गाभडली, गोचिडांमुळे असेल का?

आमची मारवाडी घोडी सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, काल आठव्या महिन्यात गाभडली, खाणंपिणं नीट होतं पण अंगावर गोचीड खूप. त्यानेच झालं का? फार जीव तुटतोय.

> होऊ शकतं. थायलेरिया इक्वी हा रक्तातला परजीवी गोचिडांतून येतो, घोडी वरून ठणठणीत दिसते पण रक्तात तो वर्षानुवर्षं राहतो आणि वारेतून पोटातल्या शिंगराला लागतो. रक्त तपासा.

> सर्रा हा रोग पण बघा, चावऱ्या माश्यांमुळे होतो, ताप येतो-जातो, त्यातही गाभडतात.

> नुसतं गोचिडावर जाऊ नका हो, हर्पिस व्हायरसनेही याच महिन्यांत गाभडतात आणि तो बाकीच्या घोड्यांना लागतो, म्हणून घोडी आजच वेगळी बांधा. वार आणि शिंगरू हातमोजे घालून बर्फात ठेवा, डॉक्टरांना सांगा, हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात तपासणी होते.