मूल होण्यासाठी ट्रीटमेंट चालू आहे हे घरी सांगायचं की लपवायचं?

रानजाई: डॉक्टरांनी आता आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करू म्हटलंय. नवरा म्हणतो आईबाबांना सांगून मोकळं होऊ, माझं ठाम मत आहे की अजिबात सांगू नये. एकदा कळलं की दर महिन्याला "काय म्हणाले डॉक्टर", मग आत्या, मावशी, भिशीतल्या बायका, आणि कुणीतरी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून या म्हणणारच. कोणाच्या डोहाळजेवणाला गेलं की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, ते वेगळंच.

चिंगी७: एकत्र राहत असाल तर लपत नाही गं. आठ-दहा दिवस रोज पोटात इंजेक्शन, मध्ये मध्ये सकाळीच सोनोग्राफी, रोज काय कारण सांगणार? आम्ही इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याखाली ठेवलं होतं, सासूबाईंना सापडलं आणि सुनेला शुगर झाली म्हणून त्यांनी रडून घर डोक्यावर घेतलं. त्यापेक्षा सांगितलेलं परवडलं.

सदाशिवपेठी: सांगायचंच असेल तर नवऱ्याने सांगावं. माझा स्पर्म काउंट कमी निघाला, मी स्वतः आईला सांगितलं, बायकोवरचे टोमणे त्या दिवसापासून बंद. आणि ती पुरुषाची वीर्याची टेस्ट सगळ्यात स्वस्त, ना सुई ना भूल, तरी बायकोची एचएसजी (ट्यूब उघड्या आहेत का ते बघायचा एक्स-रे) होऊन ती कळवळून घरी आलेली असते आणि साहेबांना अजून लॅबमध्ये जायला वेळ नसतो!!

रानजाई: @सदाशिवपेठी तुमच्या आईने ऐकलं हो. आमच्याकडे "तूच पढवलंस त्याला" ऐकावं लागेल.

मडगांवकार: भावना बाजूला ठेवा, पैशाचं काय? प्रायव्हेटमध्ये आयव्हीएफच्या एका सायकलला, म्हणजे एका प्रयत्नाला, दीड-दोन लाख सहज जातात आणि बहुतेक मेडिक्लेम हात वर करतात. सासऱ्यांकडून घेणार असाल तर सांगावंच लागेल. आमच्या गोव्यात जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) सरकारी आयव्हीएफ 2023 मध्ये सुरू झालं, तुमच्या जवळच्या मेडिकल कॉलेजात काय मिळतं ते आधी विचारा. क्लिनिक 2021 च्या एआरटी कायद्याखाली (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) रजिस्टर्ड आहे का तेही बघा, सर्टिफिकेट दाखवायला टाळाटाळ केली तर उठून यायचं.

रानजाई: पैसे घेतले की हिशेबही द्यावा लागतो. फेल गेली तर "आमचे दोन लाख पाण्यात" कोण ऐकणार?

नको_सल्ला: सगळे आयव्हीएफ धरूनच का चाललेत? पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर आणि पुढे असाल तर सहा महिने प्रयत्न करून मग तपासण्या, असं साधारण असतं. ट्यूब उघड्या असतील, नवऱ्याचा रिपोर्ट ठीक असेल तर आधी गोळ्या, आययूआय (वीर्य नळीने गर्भाशयात सोडतात ते) का नाही, हे विचारलंत का? दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. घरी सांगण्याचा निर्णय त्यानंतरचा.

चिंगी७: @नको_सल्ला वय वाढतंय त्याचं काय, थांबायला सांगणं सोपं असतं. रानजाई, निदान एका माणसाला तरी सांग. एग काढतात त्या दिवशी भूल देतात, नवरा ऐनवेळी ऑफिसात अडकला तर घरी कोण आणणार? फक्त ट्रान्सफरनंतर (गर्भ गर्भाशयात सोडल्यावर) बीटाची, म्हणजे प्रेग्नन्सीच्या रक्ततपासणीची, तारीख कुणालाच सांगू नकोस, सकाळपासून फोन सुरू होतात.

रानजाई: एकाला म्हणजे नणंदेला सांगू शकते, ती बरी आहे.

सदाशिवपेठी: नणंदेला? मग सासूबाईंना वेगळं सांगायची गरज नाही.