लॅपटॉपची बॅटरी बदलावी की लॅपटॉपच? तुमचे अनुभव सांगा

गोधडी
परवा माळा आवरताना बाबांचा रेडिओ सापडला. मागचं झाकण उघडलं तर सेल पाझरून आत पांढरट खार धरलेला. सेल उतरले की बाबा ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता आवाज परत यायचा. नवे सेल पगार झाल्यावर.
त्यात काल देवरुखात लाइट गेली आणि माझ्या लॅपटॉपने मान टाकली. साठ टक्के दाखवत होता, थेट बंद! लेकाचा स्कॉलरशिपचा फॉर्म अर्धा भरून झालेला. लॅपटॉप २०१८चा, बाकी ठणठणीत. हे म्हणतात नवाच घे. माझा जीव होत नाही. ज्यांनी बॅटरी बदलली त्यांनी लिहा, नाही बदलली त्यांनीही लिहा.

चहाबाज
बदला बिनधास्त. माझा बदलल्यापासून झकास चालू आहे.

तारेवरची_कसरत
ताई, आधी मोजा मग ठरवा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती होती, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती उरली. निम्म्याच्या आसपास आली असेल तर बदलायची वेळ झाली.
साठ टक्क्यांवर बंद का पडला, तर जुन्या बॅटरीचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. काम जड झालं की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि सर्किट पुरवठा तोडतं. टक्के हा नुसता अंदाज असतो, तोही जुन्या हिशोबावरचा.
आणि कृपा करून ही बॅटरी उन्हात ठेवू नका. बाबांचे सेल जस्त-कार्बनचे, ऊब मिळाली की थोडा वेळ तग धरायचे. लॅपटॉपची असते लिथियम-आयन, तिला उष्णता म्हणजे विष. फ्रीजमध्येही नको, आत ओल धरते.

सायली_नाशिक
फॉर्मचं काय झालं?? शेवटची तारीख कधी आहे? आमच्याकडे ड्राफ्ट सेव्ह झाला होता, परत लॉगिन करून बघा.

मावशीबोले
फुगलीये का ते आधी बघा!!! लेकीच्या लॅपटॉपचा टचपॅड क्लिक होईना. आम्हाला वाटलं धूळ गेली. टेबलावर ठेवला तर एक कोपरा उचललेला, डुगडुगत होता. दुरुस्तीवाल्या मुलाने उघडला तर बॅटरी उशीसारखी टम्म. तो म्हणाला, काकू, चार्जिंग आजपासून बंद, दाबू नका, टोचू नका. पोरगी तो मांडीवर घेऊन अभ्यास करायची, आठवलं की अजून धस्स होतं.
कुकर झाला, नंतर लिहिते.

खटपट्या
स्टेशनजवळच्या दुकानातून स्वस्तातली टाकली, नाव लिहीत नाही. लेबलवर आकडा ओरिजिनलपेक्षा मोठा, हातात घेतली तर हलकी. चार-सहा महिन्यांत बसली. पैसे गेलेच, शिवाय रविवारी दुकान बंद. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघूनच घ्या. बिल मागा, वॉरंटी लिहून घ्या. मॉडेल नंबर लॅपटॉपचा नाही, जुन्या बॅटरीवरचा जुळवा.

श्टुटगार्टकर
इकडे जर्मनीत कारागिराची मजुरीच बॅटरीइतकी. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी असावी लागणार आहे. मी त्याची वाट बघतोय. येताना पुण्याहून आणू का? विमानात चालते?

तारेवरची_कसरत
@श्टुटगार्टकर, १०० वॉट-तासांच्या (Wh, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज) आतली असेल तर चालते, बहुतेक लॅपटॉपच्या त्याच्या आतच असतात. पण सुटी बॅटरी केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली अजिबात नेऊ नका.

निवांत६५
मी नाही बदलली. माझा लॅपटॉप टेबल सोडून हलत नाही, घरात इन्व्हर्टर आहे. काढता येणारी बॅटरी होती, काढून ठेवली. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ला चालत नाही. त्यावर बॅटरीचे पैसे घालणं मला पटेना. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकून घेतली, पेन्शनची कामं आणि भजनं ऐकणं होतं.
ताई, तुमच्या बाबांच्या रेडिओचं वाचून गलबललं. आमच्या आईनेही तसेच सेल उन्हात घातलेले पाहिलेत. गीतरामायण तिने त्याच रेडिओवर ऐकलं. टाकू नका तो, खार व्हिनेगरच्या बोळ्याने पुसला तर निघतो.

सायली_नाशिक
काका, माझ्या सासऱ्यांना पण मिंट टाकून द्यायचंय. मराठी टायपिंग होतं का त्यात?

निवांत६५
होतं. हे त्यावरूनच लिहितोय.

गोधडी
सगळ्यांचे मनापासून आभार. सायली, ड्राफ्ट होता गं, फॉर्म वेळेत पाठवला! रिपोर्ट काढला: डिझाइन ४७,५२० मिलिवॉट-तास, आताची १९,८००. प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, म्हणजे विंडोज ११ चालतं. टेबलावर सपाट बसतो, फुगलेली नाही. बॅटरीच बदलतेय, ह्यांनाही आकडे दाखवल्यावर पटलं. रत्नागिरीच्या अधिकृत केंद्रात विचारलं, मागवून देतो म्हणाले. जुनीचं काय करायचं?

तारेवरची_कसरत
तिथेच द्या आणि घेतल्याची पावती मागा. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घंटागाडीत टाकू नका, कचऱ्यात चेपली गेली तर पेट घेते. नवी आली की सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा मिळते का बघा, सतत प्लगवर असेल तर ती लावून ठेवा.

मावशीबोले
आले परत. देवरुखची आहेस होय! माझं माहेर साखरप्याचं. यंदा मोहोर कसा आहे गं तिकडे?