स्वतःचा गेम अर्धवट, आणि दुसऱ्याच्या गेमवर अर्ध्या तासाचा व्हिडिओ?

खसची_ताटी (धागाकर्ता)

दिवसा कचेरीत हिशेब तपासतो, रात्री दहा ते साडेबारा गेम बनवतो. सात वर्षांत अकरा सुरू केले, तीन पुरे झाले. त्यातला सगळ्यात मोठा वीस मिनिटांत संपतो. तिन्ही इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट ठेवलेत. चौथा आपल्या नागपूरच्या मारबतीवर आहे (मिरवून मग जाळतात तो पुतळा), तो चार वर्षं रखडलाय. तान्ह्या पोळ्याची मिरवणूक, इतवारीच्या गल्ल्या, आणि खेळणाऱ्यानं पिवळी मारबत गर्दीतून पुढे न्यायची. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी माझ्याच आवाजात आहे. गर्दी चाळीस माणसांच्या वर गेली की लॅपटॉप मान टाकतो.

शिवाय दर पंधरा दिवसांनी मराठीत व्हिडिओ करतो. छोटे गेम खेळायचे आणि काय जमलं, काय फसलं ते बोलायचं. मे महिन्यात कूलर बंद करून, मानेवर ओला टॉवेल टाकून रेकॉर्डिंग. (एकदा कूलर चालूच राहिला. ती फाइल मी मारबतीच्या गेममध्ये पावसाचा आवाज म्हणून लावली. अजून कुणाला कळलेलं नाही.) दीड-दोनशे लोक बघतात.

गेल्या महिन्यात आपल्याच गावच्या तीन पोरांच्या गेमवर बोललो. नाव देत नाही. सीताबर्डीत ऑटो चालवायचा गेम आहे. चित्रं सुरेख, व्हरायटी चौकातली संध्याकाळ तर पाहत राहावी अशी. पण ब्रेक दाबला की ऑटो थांबत नाही, गोठतो. वेग एका फटक्यात शून्य. बारा सेकंदांचं संगीत पुन्हा पुन्हा वाजतं. आणि किराणा दुकानाच्या पाटीवर 'मिरची'ऐवजी 'मरिची'. हे सगळं बोललो, दोनदा हसलोही. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचा फोन आला. "काका, तुम्ही काय बनवलंय?" चिडून नाही, सरळ विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

माझं मत असं की बोलावं, आणि बनवतो म्हणूनच बोलावं. वेग हळूहळू कसा उतरवायचा यात माझे तीन रविवार गेलेत, म्हणून त्यांचा ब्रेक माझ्या बोटाला लगेच कळला. नुसता खेळणारा "कंट्रोल बेकार" म्हणून मोकळा होतो. तुम्हाला काय वाटतं?

झिरोमाइल

उंटावरून शेळ्या हाकणं आहे हे, स्पष्ट सांगतो.

त्या पोरांचा गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात आहे ना? तिथे प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. गेमची कमाई १००० डॉलरच्या पुढे गेली तरच ते परत मिळतात. विक्रीतला ३० टक्के वाटा स्टीमचा. त्यावर परताव्याचा नियम असा, की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. म्हणजे दीड तासाचा गेम कुणी पूर्ण खेळून परत करू शकतो. आणि तुमचा हसण्याचा व्हिडिओ आला पहिल्याच आठवड्यात! तुम्हाला एक तारखेला पगार आहे. त्यांना नाही.

तर्री_जास्त

काऊन भाऊ, पोह्यावर तर्री कमी पडली हे सांगाले मले पोहे करता आले पाहिजे काय? पैसे दिले, खाल्लं, बोललो. विषय संपला. ताटीभाऊ, बिनधास्त बोला.

झिरोमाइल

हा पोह्यांचा दाखला प्रत्येक चर्चेत येतो आणि प्रत्येक वेळी अर्धाच येतो. धागाकर्ता नुसता खाणारा असता तर माझी ना नव्हती. त्याची स्वतःची हातगाडी शेजारीच लागलेली आहे, आणि तिथे तो फुकट वाटतो. फुकट वाटणाऱ्यानं विकणाऱ्याच्या कढईत डोकावून नाक मुरडायचं, हे मला पटत नाही.

तर्री_जास्त

हे बाकी खरं बोलला बे. पण मंग फुकटवाल्यानं तोंड शिवून बसावं काय?

गोकुळपेठ_मंडई

माझ्या घरी असाच एक नमुना आहे, म्हणून लिहिते. रात्री एक वाजता हॉलमधून "थांब, थांब, आता चालेल" असा आवाज येतो. पाच वर्षं हेच ऐकतेय. माझ्या लेखी प्रश्न हक्काचा नाहीच. हसलात ते चुकलं. 'मरिची'वर हसू येतं हे कबूल, मलाही वाचताना आलं. पण तुमच्या दीडशे प्रेक्षकांत त्या पोरांचे कॉलेजातले मित्र आणि एखादी मावशी असणारच. एवढ्याशा गावात टीका पाठीमागे राहत नाही हो, दुसऱ्या दिवशी धरमपेठेत समोरून येते.

आणि एक राहिलं. कुणीतरी आता स्टारड्यू व्हॅली या गाजलेल्या गेमचं उदाहरण देईल, एकट्यानं बनवला वगैरे. आमच्याकडे ते जेवताना निघतं. तेव्हा आधीच सांगते. एरिक बरोननं साडेचार वर्षं खपून तो २०१६ च्या फेब्रुवारीत आणला, ते बरोबर. पण तो रोज तासन्‌तास त्यावरच बसायचा, नाट्यगृहात लोकांना जागा दाखवण्याचं अर्धवेळ काम करायचा, आणि घर बरंचसं जोडीदारिणीच्या कमाईवर चालायचं. तो छंद नव्हे. त्या बाईचं नाव कुणी घेत नाही ते वेगळंच.

अर्धविराम

मी याच धंद्यात आहे, म्हणून वेलांटीचं सांगतो. 'मि' लिहिताना संगणक आधी म साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी म च्या आधी काढावी लागते. ही अदलाबदल करणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं, हार्फबझ हे त्यातलंच एक. असं काही गेमच्या इंजिनात (ज्यावर गेम बनवतात त्या सॉफ्टवेअरमध्ये) नसेल तर वेलांटी साठवलेल्या जागीच निघते, म्हणजे म च्या नंतर, आणि र च्या डोक्यावर जाऊन बसते. म्हणून 'मरिची'. गोडो या फुकट इंजिनात ही सोय मार्च २०२३ ला ४.० आवृत्तीत आली, त्याआधी तिथेही असेच हाल होते. पोरांना मराठी येत नाही असा अर्थ काढणं चूक आहे. त्यांनी शब्द बरोबरच टाइप केलेला असणार. बरीच मंडळी वैतागून सगळ्या पाट्या चित्र म्हणून चिकटवतात, आणि मग एक शब्द बदलायचा तर अख्खी पाटी नव्यानं काढतात.

ताटी, हे तुम्हाला माहीत होतं का?

खसची_ताटी

माहीत होतं. सांगितलंही होतं. बाविसाव्या मिनिटाला.

अर्धविराम

आणि हसलात कितव्या?

खसची_ताटी

तिसऱ्या.

झिरोमाइल

मिळालं उत्तर. बाविसाव्या मिनिटापर्यंत कोण थांबतं?

आता थोडं कडू बोलतो. हौशी माणसाला फसण्याची किंमतच नसते. २०२३ च्या सप्टेंबरात युनिटी या इंजिनाच्या कंपनीनं गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे आकारायचं जाहीर केलं, तेव्हा कित्येक हौशी लोक झोळी उचलून गोडोकडे गेले. वर्षभरानं युनिटीनं ते गुंडाळलं, पण ज्यांचा विकाऊ गेम तेव्हा अर्ध्यावर होता त्यांच्या झोपा उडाल्याच ना? तुम्ही चार वर्षं मारबत ढकलताय. आणखी चार ढकलली तरी घरभाडं थकणार नाही. ही ऐश आहे. ती भोगा, पण तिच्यावर उभं राहून निवाडे देऊ नका.

खसची_ताटी

ऐश म्हणालात ते मान्य. पण उलट बघा. मला त्या पोरांकडून काही मिळवायचं नाही. माझ्या व्हिडिओला जाहिरात नाही, आणि माझा गेम विकायला नसल्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक मी पळवत नाही. मग खरं बोलायला माझ्याइतका मोकळा माणूस गावात कोण आहे? त्यांचे मित्र "भारी" म्हणणार. जो विकतो तो धंद्याच्या भीतीनं गप्प बसणार. परदेशी समीक्षक नागपूरच्या ऑटोवर बोलणार नाही. मग ब्रेक वाईट आहे हे त्यांना सांगणार कोण? दुसऱ्या गेममध्येही ऑटो असाच गोठणार.

हसण्याबद्दल मंडईताईंचं पटलं. तिथे मी चुकलो. ब्रेकबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

तर्री_जास्त

ताटीभाऊ, पण तुमची मारबत आम्ही खेळाची कवा? चार वर्षांत तर जाळून मोकळे होतेत लोकं, तेही दरसाल. ज्याले दुसऱ्याचा ब्रेक समजते त्यानं आपली गाडी एकदा तरी रस्त्यावर आणावी ना बाप्पा. मी आत्तापर्यंत तुमच्याकडून होतो. आता डगमगून राहिलो.

झिरोमाइल

+१. पहिल्यांदाच.

गोकुळपेठ_मंडई

अर्धवट असेल तशी टाका की. आमच्या घरचा नमुना फुकट तपासून देईल. तेवढाच एक दिवस तो स्वतःच्याला हात लावणार नाही.

खसची_ताटी

टाकतो. चाळीस माणसांत मान टाकते ते डोळ्यांआड करा.

काल रात्री त्या पोराला फोन केला. आधी हसण्याबद्दल माफी मागितली, मग अर्धविराम यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. त्याला वेलांटीचं कारण माहीत नव्हतं, त्यांना वाटत होतं फॉन्ट खराब आहे. सहा फॉन्ट बदलून झाले होते बिचाऱ्यांचे. इंजिन आता बदलता येणार नाही, म्हणून वेलांटी उचलून एक अक्षर मागे ठेवणारा छोटा कोड मी त्याला सुचवला. ब्रेकवर मात्र तो ऐकेना. म्हणाला, "काका, सीताबर्डीतला ऑटो असाच थांबतो." यावर मी अजून विचार करतोय.

रात्री पाऊण वाजता त्याचा मेसेज आला. "मिरची झाली. पण कॉलेजसमोरच्या पाटीवर 'विद्यार्थी' फुटला. रफार कुठे ठेवू?"

अर्धविराम, आहात का?