शेतात एकटं चर्च, मग गाव कुठे गेलं?

परळकर
भाचा अमेरिकेत, दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यात नोकरीला आहे. त्याने फोटो पाठवलाय. चहूकडे कापूस, मधे पांढरं लाकडी चर्च, शेजारी कबरी. घर एक नाही. कृष्णवर्णीयांचं आहे म्हणे. बहुतेक रविवारी कुलूप, पण गवत कापलेलं! कोनशिलेवर सालं दोन. कोणी सांगेल का?

भायखळ्याची लेक
पहिलं साल मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, जमली त्याचं, दुसरं इमारतीचं असणार. १८६५ पर्यंत गुलामगिरी. मालकाच्या चर्चमध्ये मागे किंवा माडीवर बसायचं, नाहीतर रात्री रानात चोरून प्रार्थना. १८३१ साली नॅट टर्नर या गुलामाने उठाव केला, तो स्वतः प्रवचनं करायचा. मग व्हर्जिनियात काळ्यांच्या प्रवचनावरच बंदी आली. सुटका झाल्यावर लोकांनी आधी स्वतःची मंडळी काढली. कितीतरी ठिकाणी सुरुवात फांद्यांच्या मांडवाखाली. पोरांची शाळाही तिथेच.
कुलपाचं म्हणाल तर, एकच पाळक, म्हणजे पाद्री, तीन-चार मंडळ्यांना. महिन्यातला ठरलेला रविवार आपला, बाकी रविवारी शेजारच्या चर्चला. आमच्याकडेही खेड्यांत हेच चालतं.

चिपळूण ते चिंचपोकळी
गाव शिकागोला गेलं, काका. जमीन मालकाची, हे अर्धेलीने कसणारे, हिशेबाची वही मालकाकडे. १९१० ते १९७० मध्ये दक्षिणेतून साठेक लाख माणसं उठली. पण चर्च सोडलं नाही. आमच्या गावकरी मंडळाचंच बघा ना: खोली डिलाईल रोडला, वर्गणी इथे, पत्रे गावच्या देवळावर. आपला शिमगा, तसं त्यांचं उन्हाळ्यातलं होमकमिंग, म्हणजे गावी परतायचा मेळावा, बहुधा ऑगस्टात. कापूस वेचणीला यायच्या आधीची सवड. डेट्रॉईटहून गाड्या येतात, आवारात पंगत, कबरींची साफसफाई. मेलेल्यालाही पुष्कळदा तिथेच नेतात. गवत त्याच वर्गणीतलं.

भायखळ्याची लेक
एक राहिलं. दुसरं साल दरवेळी हौसेचं नसतं, कधी जाळलेलं चर्च पुन्हा बांधल्याचंही असतं. १६ जून १९६४ ला मिसिसिपीतलंच नेशोबा काउंटीचं माउंट झायन चर्च जाळलं. मतहक्काच्या चळवळीला जागा देऊ केली होती, एवढाच गुन्हा. ते बघायला गेलेले तीन कार्यकर्ते २१ तारखेला मारले गेले.

परळकर
फोटो मोठा करून पाहिला. सालांखाली सहा नावं, चौघांचं आडनाव एकच. आमच्या मंडळाची कार्यकारिणी अशीच, अर्धी भावकी! भाच्याला म्हटलंय, ऑगस्टात जा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस.